भोगलं कुणी, गायलं कुणी

गिटारच्या चार सुरांवर कुणीतरी हळू आवाजात एखादी करुण कथा गातं, ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात, आणि मग ठरलेला वाद सुरू होतो. एक गट विचारतो, "पण यानं हे भोगलंय का?" गायक कधी खाणीत उतरला नाही, त्याच्या घरचं कुणी समुद्रात बुडालं नाही, मग त्याच्या गाण्यातला खाणकामगार उसना आणि विधवाही उसनी, सबब गाणं खोटं. दुसरा गट याच्याही पुढचा. त्याच्या मते असली गाणी म्हणजे निव्वळ रडवायची युक्ती: एक मेलेलं मूल, वाट बघणारी एक आई आणि संथ चाल, की झालं काम. दोघे एकमेकांवर तुटून पडतात, पण दोघांची समजूत एकच आहे. दुःख हा जणू गायकाच्या छातीतून ऐकणाऱ्याच्या छातीत ओतायचा माल. एक जण म्हणतो मालाची पावती दाखव, दुसरा म्हणतो माल बनावट आहे. मला ही समजूतच मान्य नाही. दुःखी लोकगीताची ताकद गाणाऱ्याच्या चरित्रात नसते, गोष्ट सांगण्याच्या रीतीत असते. काय सांगितलं, काय गाळलं, कुठे रेंगाळलं, शेवटची ओळ कुणाच्या तोंडी घातली, इथे सगळा खेळ आहे. गाणाऱ्याला जाब जरूर विचारावा, पण तो "तू भोगलंस का" हा नाही. खरा जाब त्याहून अवघड आहे, आणि त्याकडे यायला थोडा वळसा घ्यावा लागेल.

हा प्रश्न हजार वर्षांपूर्वी आजच्यापेक्षा नीट मांडला गेला होता. क्रौंचाची जोडी, व्याधाचा बाण, वाल्मीकींचा शोक आणि त्या शोकाचा झालेला श्लोक, ही कथा सगळ्यांना ठाऊक असते. नवव्या शतकात आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' या काव्यशास्त्राच्या ग्रंथात तिचा दाखला दिला. "कवीने भोगलं पाहिजे" म्हणणाऱ्यांचं हे आवडतं उदाहरण. त्यांनी त्या ग्रंथावरचं अभिनवगुप्ताचं भाष्य मात्र वाचलेलं नसतं. तो तिथेच बजावतो, 'न तु मुनेः शोक इति मन्तव्यम्', हा शोक मुनीचा स्वतःचा आहे असं समजू नका. दुःखाने होरपळून निघालेल्या माणसाची ही अवस्थाच नव्हे, असंही पुढे सांगतो. ज्याचं घर जळतंय तो छंद जुळवत बसत नाही. श्लोक निघतो तो पाहणाऱ्याच्या तोंडून, आणि पाहणाऱ्याने पाहिलेलं दुःख कुणा एकाच्या मालकीचं राहत नाही म्हणूनच तिसऱ्याला ते आपलं वाटू शकतं. आता कुणी म्हणेल, हे संस्कृत काव्यशास्त्र झालं, पंडितांच्या सभेतलं. लोकगीताला ते कशाला लावता? रास्त शंका आहे. मग लोकगीतांकडेच जाऊ.

इंग्लंड-स्कॉटलंडच्या जुन्या कथागीतांचा सर्वांत मोठा संग्रह हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी केला. 1882 ते 1898 या काळात तो भागाभागाने छापला गेला आणि त्यात 305 कथागीतं आहेत. खून, बुडालेली जहाजं, विष घातलेला मुलगा, सख्ख्या बहिणीने नदीत ढकललेली बहीण असा सगळा ऐवज. या संग्रहाचा एक फार मोलाचा स्रोत होती अ‍ॅना गॉर्डन ऊर्फ मिसेस ब्राउन. जन्म 1747, अ‍ॅबर्डीनच्या प्राध्यापकाची मुलगी, पुढे एका पाद्र्याची बायको. ही गाणी तिने मावशीकडून, आईकडून आणि घरातल्या दाईकडून लहानपणी ऐकून पाठ केली होती. तिला कुणी विष घातलेलं नव्हतं, तिने कुणाला नदीत ढकललेलं नव्हतं. मग ती गात होती ते खोटं होतं का? आणि ज्या मावशीकडून ती शिकली, तिने तरी कुठे भोगलं होतं? या माळेतला भोगणारा नेमका कोण, हे शोधत मागे जावं तितका तो दिसेनासा होतो. गाणं मात्र टिकलेलं असतं. लोकपरंपरा म्हणजे अस्सल अनुभवाचा झरा, ही कल्पना शहरी माणसाची. गावोगावचे गाणारे तर पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्याच गोष्टी गात आले.

मग टिकलं ते कशाच्या जोरावर? 'सर पॅट्रिक स्पेन्स' हे जहाज बुडाल्याचं कथागीत घ्या. राजा डनफर्मलिन गावात मद्य पीत बसलाय आणि विचारतोय, माझं जहाज हाकायला चांगला खलाशी कोण? कुणीतरी नाव सुचवतं. पत्र येतं. पॅट्रिक पहिली ओळ वाचून हसतो, दुसरी वाचून त्याचे डोळे भरतात, कारण या मोसमात समुद्रावर जाणं म्हणजे मरण. आणि पुढे? वादळाचं वर्णन नाही, किंकाळ्या नाहीत, बुडण्याचा प्रसंगच नाही. उमराव मंडळींना आपले बुचाच्या टाचांचे जोडे भिजवायची नाखुशी होती, एवढं गाणं सांगतं. आणि लगेच पुढे, खेळ आटोपायच्या आत त्यांच्या टोप्या पाण्यावर तरंगत होत्या. जोडे, मग टोप्या. मधली माणसं गाळलेली. त्यानंतर गाणं एकदम रेंगाळतं: हातात पंखे घेतलेल्या, केसांत सोन्याच्या फण्या खोवलेल्या बायका वाट बघत बसल्यात, बसणार आहेत. शेवटी नुसता पत्ता. समुद्रात पन्नास वाव, म्हणजे तीनशे फूट, खोल पॅट्रिक पडलाय, आणि उमराव त्याच्या पायाशी. ज्याला राजाच्या लहरीखातर मरावं लागलं त्याच्या पायाशी आता उमराव आहेत, हा सूड गाण्याने एका शब्दाचंही भाष्य न करता घेतलाय. उडी मारायची कुठे आणि थांबायचं कुठे, याचं हे जे ज्ञान आहे ते दुःख भोगून येत नाही. शंभर तोंडांतून गाणं फिरताना जे जे जास्तीचं होतं ते गळून पडतं, तेव्हा ते येतं.

मराठी वाचकाला ही रीत परकी वाटायचं कारण नाही. पानिपतच्या संहाराची पहिली खबर म्हणून जे सावकारी पत्र सांगितलं जातं, त्यात काय आहे? दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. विश्वासराव आणि भाऊसाहेब यांची नावं नाहीत, रक्ताचा थेंब नाही. हिशेबाच्या भाषेत पिढीच्या पिढी कापली गेल्याची बातमी आहे, आणि अडीचशे वर्षांनंतरही ती वाक्यं वाचताना घसा दाटतो. या पत्राच्या जागी दोन पानांचा विलाप असता तर आज तो कुणाला आठवला असता?

आता विरोधी बाजूचं जे खरंच वजनदार आहे त्याच्याकडे वळतो. "भोगलेल्याचं गाणं वेगळं असतं" या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते उडवून लावणं अप्रामाणिकपणाचं होईल. जात्यावरच्या ओव्या पाहा. पहाटे दळताना बाईने गायलेली ओवी कुणा श्रोत्यासाठी नव्हतीच. हेमा राइरकर आणि गी पॉइतवँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. सासुरवास, माहेरची ओढ, नवऱ्याचा मार, भावाचं विसरणं, सगळं त्यांत आहे. बाहेरचा कुणी कितीही कसबी असला तरी या ओव्या त्याला रचता आल्या असत्या का? बहुधा नाही. काही तपशील असे असतात की जे जगणाऱ्यालाच दिसतात. इतकं मी मान्य करतो.

पण त्याच ओव्यांमध्ये पुढे जाऊन पाहिलं की वेगळंच दिसतं. दुःख सांगायची वेळ येते तेव्हा ही बाई वारंवार सीतेकडे वळते. वनवास, त्याग, जंगलातलं बाळंतपण. सीतेच्या ओव्यांची मोठी रासच्या रास आहे, आणि त्यांत राम सीतेच्या तोलाचा नाही, हलक्या दिलाचा आहे, असा थेट निवाडा दिलेला सापडतो. नवऱ्याविषयी जे बोलता आलं नसतं ते रामाविषयी बोलता आलं. म्हणजे जिने खरोखर भोगलं होतं, जिच्याकडे पावती मागायची कुणाची छाती होणार नाही, तिनेसुद्धा आपलं दुःख गाताना दुसरीची गोष्ट उसनी घेतली. 'मी' म्हणून रडण्यापेक्षा 'ती' म्हणून सांगणं तिला जास्त खरं वाटलं, आणि जास्त सुरक्षितही. गोष्ट म्हणजे अनुभवाला चढवलेलं नाटकी सोंग, असं ज्यांना वाटतं त्यांनी या बाईला काय उत्तर द्यायचं?

दुसरा आक्षेप मालकीचा. गरिबाचं दुःख गाऊन नाव कमावतं भलतंच कुणी. यातही खोटं काही नाही. लेखक वॉल्टर स्कॉटने 1802 च्या सुमारास इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमाभागातली गाणी गोळा करून छापली, तेव्हा त्याला गाणी देणाऱ्या मार्गारेट लेडलॉने त्याला सुनावल्याचं तिच्या मुलाने, कवी जेम्स हॉगने, लिहून ठेवलंय: ही गाणी गाण्यासाठी होती, वाचण्यासाठी नव्हती, तुम्ही त्यांची जादू मोडलीत, आता ती कुणी गाणार नाही. तिचं भाकीत पुरतं खरं ठरलं नाही, पण तिचा राग खरा होता. तरीही या आक्षेपाचा रोख कुठे जातो ते बघा. श्रेय द्या, पैसे द्या, नाव नोंदवा, हे त्याचं रास्त उत्तर आहे. ओव्यांच्या त्या संग्रहात गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव नोंदलेलं आहे, ते याच कारणाने मोठं काम आहे. परक्याने परक्याचं दुःख गाऊच नये, हे उत्तर मात्र त्यातून निघत नाही. ते निघालं तर वाल्मीकींनाही गप्प बसावं लागेल, क्रौंच काही तक्रार घेऊन आला नव्हता.

सर्वांत टोकदार आक्षेप तिसरा: ही गाणी रडवून माणसाला मोकळं करतात. डोळे पुसले, मन हलकं झालं, अन्याय होता तिथेच. अशी गाणी ढिगाने आहेत, आणि त्यांचा मलाही कंटाळा आहे. पण हा दोष गोष्टीचा की गोष्ट वाईट सांगण्याचा? 1963 च्या फेब्रुवारीत बाल्टिमोरच्या एका हॉटेलातल्या मेजवानीत विल्यम झँट्झिंगर या 24 वर्षांच्या सधन तंबाखू-शेतमालकाने दारूच्या नशेत हॅटी कॅरल या 51 वर्षांच्या कृष्णवर्णीय कामगार बाईला छडीने मारलं. काही तासांत ती मेली. त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली. अमेरिकन गायक बॉब डिलनने त्याच वर्षी यावर गाणं केलं. त्याची बांधणी पाहण्यासारखी आहे. पहिल्या कडव्यात खून. ध्रुवपद म्हणतं, थांबा, अजून रडायची वेळ आलेली नाही. दुसऱ्यात मारणाऱ्याचं घराणं, त्याच्या ओळखीपाळखी. अजून वेळ नाही. तिसऱ्यात हॅटी: दहा मुलांची आई, ताटं उचलणारी, इथे लागोपाठ तीन ओळी 'टेबल' याच शब्दावर येऊन आपटतात, कारण तिचं सगळं आयुष्य त्या टेबलाभोवती फिरतं आणि त्याच्या मानाच्या जागी ती एकदाही बसत नाही. ऐकणाऱ्याचा बांध इथे फुटायला हवा, आणि गाणं पुन्हा त्याला दटावतं, अजून नाही. चौथ्या कडव्यात न्यायालय, न्यायाचा सगळा डामडौल, आणि सहा महिने. आता रडा, असं गाणं म्हणतं. ती मेली यावर रडू दिलेलं नाही. तिच्या मरणाची किंमत काय लावली गेली, यावर रडायला सांगितलंय. ती काळी होती हे गाण्यात एकदाही येत नाही. सांगायची गरजच पडत नाही, आणि ऐकणाऱ्याने ते आपण होऊन ओळखलं की तो त्या समाजाचा भाग असल्याचं आपोआप कबूल करून बसतो. अश्रू कुठे वळवायचे हे इतक्या काटेकोरपणे ठरवणाऱ्या गाण्याला 'रडवून मोकळं करणारं' म्हणायचं तर त्या शब्दांना अर्थच राहत नाही.

मात्र याच गाण्याने मला त्या अवघड जाबापाशी आणून सोडलंय. गाण्यात खुनाच्या आरोपाचा उल्लेख आहे. प्रत्यक्षात दोष सिद्ध झाला तो सदोष मनुष्यवधाचा, कारण तिचा रक्तदाब आणि हृदयविकार यांचाही मृत्यूत वाटा असल्याचं पुढे आलं होतं. गाणं हे सांगत नाही. सहा महिन्यांची शिक्षा लाजिरवाणी होती यात माझ्या मते फरक पडत नाही, पण जिवंत माणसाचं नाव घेऊन गोष्ट सांगायची तर गाळण्याची कला आणि लपवण्याची सोय यांत अंतर राखावं लागतं. ते दर वेळी राखलं जातं असा दावा मी करणार नाही.

अमेरिकन लोकगायक वुडी गथ्रीचं उदाहरण याच्या उलट टोकाचं. 28 जानेवारी 1948 ला कॅलिफोर्नियात लॉस गॅटोस दरीत विमान कोसळून 32 माणसं मेली. त्यातले 28 मेक्सिकोला परत पाठवले जाणारे लोक होते, बहुतेक शेतमजूर. अनेक बातम्यांत वैमानिक आणि बाकी अमेरिकनांची नावं होती, मजुरांची नव्हती. ते नुसते 'हद्दपार'. गथ्री अपघातस्थळी नव्हता, त्याने बातमी ऐकून कविता लिहिली, चाल तर दहाएक वर्षांनी मार्टिन हॉफमनने लावली. खरी नावं हाताशी नव्हती म्हणून गथ्रीने जी नावं घातली ती मेक्सिकोत कुणाचीही असू शकतील अशी होती. ही बनवाबनवी झाली का? मला तसं वाटत नाही, कारण गाण्याचा सगळा रोखच नावं पुसली गेल्यावर आहे. खोटं नाव तिथे रिकाम्या जागेवर बोट ठेवतं. फ्रेस्नोतल्या त्यांच्या सामूहिक दफनभूमीवर 28 नावं कोरलेली शिळा बसली ती 2013 साली. मधली पासष्ट वर्षं ती माणसं लोकांच्या लक्षात राहिली, त्यात कोर्टकचेऱ्यांपेक्षा या गाण्याचा वाटा मोठा होता असं मी म्हणेन.

आणि कॅनडाचा गायक गॉर्डन लाइटफूट. 10 नोव्हेंबर 1975 ला उत्तर अमेरिकेतल्या लेक सुपीरियर या सरोवरात एडमंड फिट्झजेराल्ड हे मालवाहू जहाज वादळात बुडालं, 29 जण गेले, वाचलं कुणीच नाही. लाइटफूटने बातमी वाचून गाणं लिहिलं, 1976 मध्ये ते आलं. गाण्यात जहाजाचा आचारी येऊन सांगतो की आता जेवण देणं शक्य नाही, आणि थोड्या वेळाने येऊन निरोप घेतो. कुणी ऐकलं हे? सगळेच तर बुडाले. हा शुद्ध कल्पनेचा तुकडा आहे आणि त्याबद्दल कुणी भांडत नाही, कारण तो कुणावर आळ घेत नाही. शेवटच्या घटकेलाही आपलं काम करत राहणारा माणूस दाखवतो, बस. पण त्याच कडव्यात माल-दाराचं झाकण आत कोसळल्याची ओळ होती. झाकणं नीट बसवली नव्हती असा ठपका तेव्हाच्या चौकशीतून खलाशांवर येत होता, आणि गाण्याने तो नकळत लाखो लोकांच्या तोंडी घातला. पुढे एका माहितीपटाने वेगळी शक्यता मांडल्यावर, 2010 पासून लाइटफूट मैफलीत ती ओळ बदलून गाऊ लागला. ध्वनिमुद्रणात जुनीच ओळ आहे. माणूस समोर उभा राहून गायचा तेव्हा नवी. 2023 मध्ये तो गेल्यावर डेट्रॉइटच्या खलाशांच्या चर्चने 29 टोल त्या खलाशांसाठी दिले आणि तिसावा त्याच्यासाठी. तो त्या जहाजावर कधी नव्हता.

हल्ली यंत्राने रचलेली दुःखी गाणी ऐकू येतात, गिटार आणि भेगाळलेला आवाज यांच्यासकट, आणि त्यांच्यावरचा पहिला आक्षेप पुन्हा तोच: यंत्राने कुठे भोगलंय? हा आक्षेप टिकणारा नाही. मिसेस ब्राउननेही भोगलं नव्हतं, गथ्री त्या विमानात नव्हता, आणि उद्या यंत्राने जोडे-टोप्यांसारखी ओळ जुळवली तर ती ओळ चांगलीच असेल. अडचण दुसरीकडे आहे. त्या जहाजावर झाकणांचं काम बघणाऱ्या खलाशाची आई जिवंत असेल, आणि ती म्हणेल की माझ्या पोराची यात चूक नव्हती, तर लाइटफूट पुढच्या मैफलीत ओळ बदलू शकत होता आणि त्याने ती बदलली. यंत्राच्या गाण्यात ती ओळ कुणी बदलायची, आणि त्या आईने कुणाकडे जायचं?